पाहुणीसाठी भांडण

लेकीच्या कॉलेजात 'संघर्ष आणि त्याचे निराकरण' असा एक विषय शिकवतात आणि तो शिकायला देशोदेशींची मुलं येतात, हे तिने सांगितलं तेव्हा मी साधा प्रश्न विचारला, की एवढ्यासाठी विमानात कशाला बसायचं? त्यांच्या देशात सख्खे भाऊ नसतात का? लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळणार." मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचा प्रमुख आहे. माणसं माझ्यासमोर बादल्या घेऊन येतात, रिकाम्या. संघर्ष मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पण घरात आपल्या हुद्द्याला किती किंमत असते, हे हुद्दा असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

तर योजना अशी होती. परदेशातून आलेल्या एका विद्यार्थिनीला आम्ही एका सत्रापुरतं घरात ठेवून घ्यायचं, आणि त्या बदल्यात पुढच्या सत्राला आमची लेक तिच्या विद्यापीठात जाणार. पाहुणीने आमच्यात राहून अभ्यास करायचा विषय होता 'घरगुती संघर्ष : उगम, वाढ आणि शेवट'. जणू आमचं भांडण म्हणजे टोमॅटोचं रोप.

कॉलेजातल्या समन्वयकबाई घर बघायला आल्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे भांडणं होतात का? मी छाती काढून सांगितलं की आमच्या घरात भांडण होत नाही. ही म्हणाली, अगदीच होत नाही असं नाही. मी म्हटलं, होत नाही. ही म्हणाली, मग परवा काय झालं होतं? मी म्हटलं, ती चर्चा होती. त्यावर हिचं म्हणणं पडलं की चर्चेत दोन माणसं बोलतात. आतून आईने हाक देऊन सांगितलं की साखरेच्या डब्याचंही सांगा त्यांना. बाईंचा चहा निवला, पण त्यांनी हातातल्या कागदावर कसलीशी खूण केली आणि "फार छान" म्हणाल्या. आमची निवड झाली. ती माझ्या उत्तरावर झाली असं मी अजून मानतो.

मग दाखले. माझ्या चारित्र्याचा दाखला मिळवायला मला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहता तो दाखला मिळेपर्यंत चारित्र्य उरतंय की नाही अशी शंका यावी. सोसायटीच्या सेक्रेटरींना ना-हरकत मागितली तर त्यांनी विचारलं, ती शिकायला काय येतेय? संघर्ष, असं ऐकल्यावर त्यांनी खिडकीतून खाली एक नजर टाकली आणि ते म्हणाले, पार्किंगकडे बघणार नसेल तर माझी हरकत नाही.

सगळ्यात अडलं ते घरातलं पाणी पिण्याजोगं असल्याच्या दाखल्यावर. तो आमच्याच कार्यालयातून घ्यायचा होता. मी रीतसर अर्ज केला. असा अर्ज कोणत्या विभागाचा, हे आवक-जावकवाल्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो तक्रारीत टाकला. म्हणजे तो फिरून माझ्याच टेबलावर आला. मी सवयीने त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारला आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिला. पुढे कित्येक दिवस मी चहाच्या टपरीवर उभा राहून आमच्या कार्यालयातल्या दिरंगाईबद्दल चारचौघांत बोलत होतो. एकाने विचारलं, अर्ज नक्की कुणाकडे अडलाय? तेव्हा मला खालचा कप्पा आठवला. मी विषय बदलला.

अखेर पाहुणी आली. उंच, हसरी, पाठीवर तिच्याच मापाची पिशवी. मराठी ती तिकडच्या विद्यापीठात शिकली होती, पुस्तकांतून. दारात उभी राहून, हात जोडून ती म्हणाली, "मी आपणा सर्वांची अत्यंत ऋणी आहे. माझ्या उपस्थितीमुळे आपण आपले नित्याचे कलह थांबवू नयेत, ही विनंती."

आणि कलह थांबले.

कुणी ठरवलं नव्हतं. परकी पोर घरात आहे म्हटल्यावर आमच्या अंगात जो सभ्यपणा संचारला, तो उतरेचना. साखरेच्या डब्याचं प्रकरण आमच्याकडे फार जुनं. ही डबा वरच्या फळीवर ठेवते, आई तो खालच्या फळीवर आणते. ही पुन्हा वर. यावरून आजवर झालेली बोलाचाली एकत्र केली तर आमच्या कार्यालयाचं एक कपाट भरेल. पाहुणी आल्यापासून ही डबा आपणहून खाली ठेवू लागली, आईंना हवा म्हणून. आई तो आपणहून वर ठेवू लागली, सुनेला हवा म्हणून. परिणाम एवढाच झाला की डबा कधीच कुणाला सापडेना आणि आम्ही सगळे अतिशय प्रेमाने बिनसाखरेचा चहा पिऊ लागलो. जेवताना ही मला "अजून थोडं वाढू का तुम्हाला?" असं इतक्या गोड आवाजात विचारायची, की माझा कुठला रिपोर्ट तर आला नाही ना, असं वाटून माझा घास अडकायचा. मी वाचून झालेलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवू लागलो.

घरात साठलेलं कुठेतरी सांडणारच. ते ऑफिसात सांडू लागलं. एक गृहस्थ नळाला पाणी आलं म्हणून आभार मानायला आले होते, त्यांच्याशी माझी जुंपली.

पाहुणी रोज जेवणाच्या टेबलापाशी छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन बसायची आणि आम्ही एकमेकांना भाजी पुढे करायचो. बिचारी सुकत चालली. एकदा ती गॅलरीत उभी राहून समोरच्या तारेवर भांडणाऱ्या कावळ्यांकडे ज्या आशेने पाहत होती, ते पाहून मला गलबलून आलं.

मग तिच्या प्राध्यापकांनी कळवलं की हाती काही लागत नसेल तर परत ये. समन्वयकबाईंनी लेकीला बोलावून सांगितलं की हे घर अभ्यासाला अयोग्य ठरतंय. पाहुणी गेली तर अदलाबदलही रद्द, म्हणजे लेकीचं जाणंही रद्द. लेक घरी आली. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं बूट काढले, जागेवर ठेवले आणि आम्हाला हे सांगितलं. आमची लेक बूट जागेवर ठेवते, यावरून काय ते समजा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

समोरच्या बिऱ्हाडातले वकीलकाका धावून आले. धावून म्हणजे, आम्ही गेलो तेव्हा ते दारातच उभे होते. आयुष्यभर नवरा-बायकोंचे दावे चालवून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांना भांडण बघायला मिळालेलं नव्हतं, कारण काकू त्यांच्याशी फारसं बोलतच नसत. काका म्हणाले, भांडण आपोआप होत नसतं, ते उभं करावं लागतं. मसुदा मी करतो. काकूंनी आतून सुचवलं की साधंच असू दे. काकांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही.

अडचण विषयाची होती. कुणीतरी म्हणालं, नातेवाईक घ्या. कुणाच्या बाजूचे, असा प्रश्न आला आणि आम्ही घाईघाईने पुढे सरकलो. कुणीतरी म्हणालं, लेकीचं शिक्षण. पुढे सरकलो. प्रत्येक विषयाला आतून धग लागत होती. शेवटी जुना सोफा निघाला. तो विकावा की ठेवावा याबद्दल घरात कुणालाही काडीचंही मत नव्हतं. काका खूश झाले. त्यांनी प्रस्तावना, युक्तिवाद, उलटतपासणी असं सगळं लिहिलं. ऐन भरात आईने रडायचं आणि तेवढ्यात काकांनी बेल वाजवून आत यायचं आणि मिटवायचं. तालमी काकांच्या घरी झाल्या. आईने आपल्याला वाक्यं कमी आहेत अशी तक्रार केली, म्हणून तिला माझी दोन दिली. मी फक्त नोंद घेतली. तक्रार विभागात राहून एवढं येतं.

रविवारी सकाळी पाहुणी यंत्र घेऊन बसली. मी घसा साफ करून म्हणालो की हा सोफा विकायचं मी ठरवलंय. ही म्हणाली, मला न विचारता? मी म्हणालो, विचारायचं काय त्यात? इथपर्यंत शब्दाला शब्द मसुद्याप्रमाणे. आता हिने म्हणायचं होतं की या सोफ्यात माझ्याही आठवणी आहेत.

ही गप्प. मला वाटलं, विसरली. मी तोंडावर हात धरून हळूच आठवण दिली, "माझ्याही आठवणी."

"मला वाक्यं पाठ आहेत," ही म्हणाली. "ती काकांची आहेत. आता माझी ऐका. विचारायचं काय त्यात, बरोबर आहे. आमच्या घरात भांडण होत नाही असं त्या बाईंना सांगताना तरी कुठे विचारलंत? भांडण होत नाही, कारण मी गप्प बसते."

रडण्यासाठी पदर सावरून बसलेली आई म्हणाली, "गप्प? तू?"

पुढचं मला सलग सांगता येणार नाही. मी म्हटलं, आई, तू रड. आई म्हणाली, मी कशाला रडू, मी खरं बोलतेय. हिने साखरेचा डबा काढला. डॉक्टरांनी आईला साखर बंद केलीये म्हणून आपण तो वर ठेवतो आणि हे आजवर कुणाला बोलून दाखवलं नाही, असं हिने सांगितलं तेव्हा मी खिशातला रुमाल काढला. आई शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे ते. म्हणूनच मी खाली काढते." लेक म्हणाली, तुम्ही डब्यावरून भांडा, माझं सत्र बुडू दे. मी म्हटलं, माझ्याशी या आवाजात बोलायचं नाही. ती म्हणाली, मग कोणत्या आवाजात बोलू, तुम्ही ऐकता कोणता?

पाहुणीच्या गालांवर रंग चढला होता. ती उठली आणि शिकलेलं सगळं एकदम वापरायला लागली. तिने सांगितलं की प्रत्येकाने आपले वाक्य 'मला' या शब्दाने सुरू करावे, म्हणजे दोषारोप होत नाही. ही म्हणाली, "मला वाटतं, हे चुकतायत." मग पाहुणी म्हणाली की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगावं, म्हणजे आपण ऐकलं हे त्याला कळतं. मी हिला म्हटलं, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी मूर्ख आहे."

"बरोबर ऐकलंत," ही म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटल्याचं दिसलं. पाहुणीने मला शाबासकी दिली.

तेवढ्यात बेल वाजली. वकीलकाका आत आले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "अहो, एका सोफ्यासाठी एवढा तंटा?"

सोफ्याचं नाव बराच वेळ कुणी काढलेलं नव्हतं. हिने त्यांना सांगितलं की काका, तुम्ही मध्ये पडू नका. काकांचा चेहरा पडला. ज्या माणसाने आयुष्यभर मध्ये पडून पोट भरलं, त्याला हे बोलणं लागणारच. ते दुखावून म्हणाले, "वा. मसुदा माझा, आणि मीच मध्ये पडू नको?"

पाहुणीने विचारलं, "कसला मसुदा?"

आम्ही सगळ्यांनी एकदम काहीच नाही असं सांगितलं, आणि सगळे एकदम एकच सांगतात तेव्हा जे समजायचं ते ती समजली. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ती खाली बसली. "म्हणजे हे नाटक होते," ती म्हणाली.

"सोफ्यापुरतं," ही म्हणाली. "पुढचं सगळं खरं."

पाहुणीने नम्रपणे विचारलं की खरं नेमकं कुठून सुरू झालं, कारण तिला तशी नोंद करावी लागेल. त्यावरून पुन्हा पेटलं. हिच्या मते तिच्या पहिल्या वाक्यापासून. माझ्या मते मूर्ख या शब्दापासून. आई म्हणाली, माझं सुरुवातीपासूनच खरं होतं. काकांनी मध्ये कायद्याचा मुद्दा काढला, तेव्हा दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकू म्हणाल्या, परक्यांच्या भांडणाला एवढी पानं लिहिता, घरात दोन शब्द बोलायला काय होतं? काकू आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. म्हणाल्या, चांगला आहे की, विकता कशाला?

आमचा आवाज खाली सेक्रेटरींपर्यंत गेला होता. विषय पार्किंगकडे वळण्याआधी थांबवावं म्हणून त्यांनी समन्वयकबाईंना फोन केला, आणि बाई राहतात मागच्याच गल्लीत. त्या आल्या तेव्हा आई उभी राहून मुद्दे मांडत होती. बाईंनी चौफेर पाहिलं आणि जाहीर केलं की हे वातावरण विद्यार्थिनीसाठी अयोग्य आहे, तिला आत्ताच्या आत्ता दुसरीकडे हलवावं लागेल.

मी म्हटलं, बाई, भांडण होत नाही म्हणून तुम्हीच हे घर अयोग्य ठरवत होतात.

"ते अभ्यास विभागाचं मत होतं," बाई म्हणाल्या. "हे विद्यार्थी सुरक्षा विभागाचं. दोन वेगळे विभाग आहेत."

खरं सांगतो, त्या क्षणी मला बाईंबद्दल आपुलकी वाटली. इतकं निर्मळ उत्तर मलाही सुचलं नसतं. मी म्हणालो, लेखी द्या. हिने मला कोपराने ढोसलं. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिचं जाणं तिथेच, आमच्या डोळ्यांदेखत, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता जाता हरवत होतं. बाई पाहुणीला म्हणाल्या, चल, सामान भर.

पाहुणी उठली. ती ऋणी वगैरे असल्याचं काही म्हणेल असं मला वाटलं.

"मी कुठे नाही जाणार," ती म्हणाली. पुस्तकातलं मराठी गेलं कुठे कुणास ठाऊक. "इतके दिवस इथे नुसती भाजी पुढे-पुढे. आज कुठे बोलायला लागलेत सगळे, आणि तुम्ही म्हणता ऊठ? आधी ऐकून तर घ्या. न ऐकता ठरवायचं असेल तर हा विषय शिकवता कशाला? माझा डोकं फिरवू नका."

आई एरवी सगळ्यांचं व्याकरण सुधारते. 'माझा डोकं' तिने तसंच जाऊ दिलं.

बाई काहीतरी बोलायला गेल्या. पण तोवर आम्ही सगळे पाहुणीच्या मागे येऊन उभे राहिलो होतो. मी, ही, आई, लेक, काका आणि काकूसुद्धा. कोण कुणाच्या बाजूला होतं ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. हिने बाईंना खुर्ची दिली, आणि बसा म्हटलं ते अशा सुरात, की त्या बसल्याच. मग पाहुणी बोलली, लेक बोलली, आणि बाईंना सगळं मुळापासून ऐकावं लागलं, डब्यासकट. शेवटी त्या म्हणाल्या की विद्यार्थिनी स्वतःच आवाज चढवू शकते आहे, तेव्हा ती सुरक्षित आहे असं सुरक्षा विभागाला कळवता येईल. आणि अभ्यास विभागाची तर आता काही तक्रारच नाही. पाहुणी राहिली. लेकीचं जाणं पक्कं झालं. लेकीने मला मिठी मारली आणि लगेच सोडून दिलं, कारण आमचा आवाजाचा मुद्दा अजून संपला नव्हता.

मंडळी पांगली. आम्ही जेवायची तयारी करू लागलो. पाहुणी मात्र, जरा फोन करते, असं सांगून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागला. आधी हळू, मग मोठा, मग असा, की आम्ही ताटं हातात धरून दाराशी उभे राहिलो. भाषा तिची. एक अक्षर कळत नव्हतं.

"बापाशी बोलतेय," आई म्हणाली.

मी विचारलं, तुला काय कळलं?

"बापाशीच बोलतात असं." लेक छताकडे बघत राहिली.

पाहुणी बाहेर आली तेव्हा नाक लाल, केस विस्कटलेले. हिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो ती उभ्यानेच प्यायली. मग तिने सांगितलं की तिच्या घरी आवाज कुणी चढवत नाही. पटलं नाही की माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो. हा विषय शिकायला घेतला ते वडिलांना पटलं नव्हतं. तेव्हापासून ते दोघं फक्त हवामानाविषयी बोलत. तिकडे पाऊस, इकडे ऊन, ठेवू का. आज तिने त्यांना सगळं सुनावलं.

"मग काय म्हणाले?" हिने विचारलं.

"ओरडले," पाहुणी म्हणाली, आणि परीक्षेत पहिली आल्यासारखी हसली. "आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, हे फोनवर मावणार नाही, उरलेलं समोरासमोर करू. पुढच्या महिन्यात येतायत."

माणूस सातासमुद्रापलीकडून भांडायला येतोय म्हटल्यावर आमची जबाबदारी वाढली. त्यांना झोपवायचं कुठे? मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत. ही म्हणाली, पाहुण्याला कुणी बाहेरच्या खोलीत झोपवतं का? लेक म्हणाली, माझी खोली कुणी मागायची नाही. मी म्हटलं, मागितली कुणी? वाढलेलं जेवण निवलं, हिने ते पुन्हा गरम केलं, ते पुन्हा निवलं. शेवटी पाहुणीने टेबलावर हात आपटला आणि म्हणाली की वडील तिचे आहेत, तेव्हा ठरवणार ती. वडील तिच्या खोलीत, आणि ती आजींच्या खोलीत.

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "घोरतेस का?"

"हो," पाहुणी म्हणाली.

"मग जमेल," आई म्हणाली, आणि तिच्या ताटात भात वाढला.